निळ्या काठाचं ताट, लाल काठाचं ताट

आमच्या घरात भांड्यांचा तुटवडा कधीच नव्हता. आईच्या लग्नातली पितळी ताटं होती, मग स्टीलची आली, आता माझ्या पोरांनी पुण्याहून काचेची पाठवली आहेत, ती मी भीतीनं बाहेर काढतच नाही. पण आबा, म्हणजे माझे वडील, मला कळतं तेव्हापासून दोनच ताटांत जेवत आले. दोन्ही पांढऱ्या इनॅमलची, कडेचे टवके उडालेली. एकाचा काठ निळा आणि दुसऱ्याचा लाल. जेवणात दूध, दही, ताक काही असलं की निळं ताट. मटण असलं की लाल. साध्या वरण-भाकरीला जे हाताशी येईल ते.

त्या ताटांना घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. आबा ती स्वतः घासत, वरून कढत पाणी ओतत आणि आपल्या खाटेजवळच्या कोनाड्यात उपडी घालून ठेवत. पाण्याचा पेलाही वेगळा. आई त्यावर कधी बोलली नाही. ती तशी कशावरच फार बोलत नसे.

मी सहा-सात वर्षांची असेन. आमच्याकडे बाप जेवायला बसला की लहान लेकरू त्याच्या ताटाशी जाऊन बसतं आणि शेवटचा घास त्याचा असतो. शेजारच्या पोरी सांगायच्या, बापाच्या ताटातली भाकर गोड लागते. एका दुपारी मी गुपचूप आबांच्या मागून गेले आणि निळ्या ताटात हात घातला. आबांनी ताट असं ओढलं की दूध-भाकर जमिनीवर सांडली. मग माझं मनगट धरून मला मोरीत नेलं आणि चुलीतली राख घेऊन माझी बोटं घासली. एकेक बोट, लाल होईस्तोवर. मी रडत होते, ते घासत होते.

ही राख मी विसरले नाही. पुढे आबांनी मला शिकवलं, गावात कुणाच्या मुलीला पाठवत नव्हते तेव्हा मला नर्सिंगला पाठवलं, लग्न नीट करून दिलं. तरी मनात एक खडा राहिला तो राहिलाच. मला वाटायचं, या माणसाला लेकरांची माया नाही. काही माणसं असतात तशी.

कारण मात्र मला शाळेतच कळलं होतं. एका मुलीनं भांडणात सांगितलं, "तुह्या बापाले क्षय होता, म्हून तो वेगळा जेवते." घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "लगनाच्या आंधी होता. यहुद्याइच्या दवाखान्यात दीड वर्स राहून आले. आता काई नाई." यहुदी म्हणजे कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि तिनं आबांना ते कधी विचारलंही नव्हतं.

मी आरोग्यसेविका झाले. बत्तीस वर्षं उपकेंद्रांवर काढली. कधी किन्हीराजाच्या बाजूला, कधी मानोऱ्याकडे. पोहरादेवीच्या यात्रेत ओआरएसची पाकिटं वाटत उन्हात उभी राहिले. क्षयाचे रोगी तर इतके हाताखालून गेले की मला खोकल्याच्या आवाजावरून शंका येते. घरोघरी माझं एकच पालुपद असे: ताट वेगळं करू नका, भांड्यानं टीबी होत नाही, खोकताना तोंडाला फडकं धरा, गोळ्या सोडू नका. आणि घरी आले की माझा बाप आपला पेला वेगळा विसळून ठेवतोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणखी काय. मी आबांना चारदा समजावलं असेल. ते म्हणायचे, "तुह्या पुस्तकाले तुह्याजौळ राहू दे."

निवृत्त झाले त्याच्या आधीच्या वर्षी आई गेली. माझे मालक त्याच्याही आधी गेले होते. पोरं आपापल्या नोकऱ्यांत. मी जऊळक्याजवळच्या माझ्या गावी येऊन आबांसोबत राहू लागले. आबा तेव्हा पंच्याऐंशीचे, कानानं थोडे कमी, बाकी ठणठणीत. वाफ्यातली मेथी अजून स्वतः खुडायचे.

आमचं गाव भाजीपाल्याचं. वाशीमच्या बाजारात आमच्या गावची मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लांबून ओळखू येते. मुळ्या धुतलेल्या, सगळ्या एका बाजूला, आणि जुडी सुतळीनं नाही तर केळीच्या सोपानं, म्हणजे बुंध्याच्या सोललेल्या पट्टीनं बांधलेली, दोन वेढे आणि एक आत खोचलेली गाठ. दुसऱ्या गावचे लोक घाईत कशीही बांधतात. आमच्याकडे नवी सून आली की स्वैपाकाच्या आधी तिला ही गाठ शिकवतात.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर शेजारच्या सुनेला टीबी निघाला. बावीस वर्षांची पोरगी, लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर मानोरा तालुक्यात, एका तांड्याशेजारच्या वस्तीवर. आशाताईनं थुंकी तपासायला नेली, गोळ्या सुरू केल्या आणि मला हळूच सांगितलं की सिस्टर, घर शेजारचं आहे, लक्ष ठेवा. आठ दिवसांत पोरगी घरातून दिसेनाशी झाली. चौकशी केली तर तिची खाट शेतात, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत नेलेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सासू भाकरी आणून उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरकायची.

मी एकदा गेले, समजावलं. सासूनं मान डोलावली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पोरगी म्हणाली, "आत्या, गोळ्या घेतल्या की मळमळते. लघवी लाल होते. मले वाटते रगत जाऊन राह्यलं." तिला सांगितलं की तो गोळ्यांचा रंग आहे, आणि रिकाम्या पोटी घेऊ नकोस. ती म्हणाली, "जेवूशी नाई वाटत. उंबऱ्यावर ताट ठेवतेत ना, मंग नाई जात घास." मला ते ऐकून सासूचा असा राग आला की विचारू नका.

माझा राग हा माझा जुना आजार आहे. त्याला गोळ्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे भाजीची गाडी भरत होती. छोटा टेम्पो चौकात उभा, पाच-सहा घरांचे लोक आपापल्या जुड्यांची पोती चढवत होते. सासू तिथं दिसली आणि मी सुरू झाले. "सुनेले टीबी झाला म्हून तिले जनावरासारखं शेतात बांधून ठेवलं का तुमी? ताट उंबऱ्यावर टाकता? लाज वाटत नाई?" उचलली जीभ लावली टाळ्याला. टेम्पोवाल्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं. सासूचं तोंड पांढरं पडलं, आणि मला तेव्हा कळलं की तिनं इतके दिवस हे गावापासून लपवलं होतं.

त्या दिवशी त्यांची मेथी बाजारातून जशीच्या तशी परत आली. गाडीतल्याच कुणीतरी तिथं सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गावातल्या दुसऱ्यांनी म्हटलं की यांचं पोतं आमच्या पोत्यांना लावू नका.

सासू माझ्या दारात आली. बसली नाही. म्हणाली, "सिस्टर, मी तिले बांधून नोती ठेवली. तिच्या हातची जुडी कोनी घेनार नाई म्हून दूर ठेवली. घरात चार मानसं मेथीवर खातेत. आता तुमीच सांगून टाकलं तं बरं झालं. येत्या सोमवारी तिचा भाऊ न्यायले येऊन राह्यला."

"कुठं न्यायले?"

"माहेरी. तिचे मायबाप ऊस तोडाले चालले. सोबत नेतेत."

ऊसतोड म्हणजे काय, ते मी बत्तीस वर्षं पाहिलं आहे. फडात पाल ठोकून राहायचं, दर काही दिवसांनी जागा बदलायची, पहाटेपासून मोळ्या वाहायच्या. तिथं रोजची गोळी कोण देणार आणि पोटभर कोण खाऊ घालणार. दोन महिने घेऊन सोडलेल्या गोळ्यांनी टीबी मरत नाही, हट्टी होतो. मग तो साध्या गोळ्यांना जुमानत नाही. अशी दोन माणसं माझ्या हातची गेली आहेत, आणि त्यांत एक अशीच ऊसतोडीला गेलेली लेकुरवाळी होती. मी सासूची माफी मागितली. हात जोडले. ती म्हणाली, "माफी घेऊन का करू?" आणि निघून गेली. मी पोरीकडे गेले तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. गोळ्यांचं पाकीट खिडकीत तसंच होतं. दोन दिवसांच्या गोळ्या तिनं घेतल्याच नव्हत्या.

घरी येऊन मी रडले. एवढी वर्षं जे करू नका म्हणून लोकांना सांगितलं, ते मीच केलं होतं. रोग्याचं नाव चौकात घेतलं होतं. आबा खाटेवर बसून सोप सोलत होते. त्यांनी काय झालं ते विचारलं, मी कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातला सोप सोलून संपवला. मग म्हणाले, "उद्या इतवार ना? सकाळी मले तिकडं घेऊन चाल."

रविवारी सकाळी आबांनी कोनाड्यातून दोन्ही ताटं काढली आणि धोतराच्या जुन्या तुकड्यात बांधली. काठी टेकत धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, मोटारीच्या खोलीपर्यंत यायला आम्हाला अर्धा तास लागला. सासू वाफ्यात होती, नवरा पाणी धरत होता. आबांनी दोघांना हाक मारली. मग खोलीत जाऊन सरळ पोरीच्या खाटेसमोर जमिनीवर बसले. मी खिडकी उघडली. आबांनी गाठोडं सोडलं, निळ्या काठाचं ताट पोरीपुढे ठेवलं, लाल काठाचं आपल्यापुढे. सासूला म्हणाले, "सूनबाई, दूध-भाकर आन इले, मले वरन-भाकर. मी आज इथंच जेवतो."

ज्या ताटाला हात लावला म्हणून माझी बोटं राखेनं घासली होती, ते ताट परक्या पोरीपुढे. खरं सांगते, साठ वर्षांची बाई मी, मला त्या पोरीचा हेवा वाटला.

भाकर आली. आबा भाकर कुस्करत बोलू लागले. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ते एकोणीस वर्षांचे होते. जऊळक्याला तेव्हा लहान गाडी यायची आणि आबा रेल्वेच्या गँगमध्ये रुळाखाली गिट्टी ठोकायचे. एक दिवस खोकताना गिट्टीवर रक्त पडलं. स्टेशन मास्तरांनी पाहिलं. मास्तर यहुदी, मूळचे कोकणातले. त्यांच्या समाजातल्या लोकांनी मुंबईत आपसात वर्गणी करून, बायकांनी घरोघरी मूठमूठ तांदूळ मागून, घाटावर क्षयाच्या रोग्यांसाठी एक घर चालवलं होतं. बारा-पंधरा खाटा, लांब ओसरी. आधी आपल्याच माणसांसाठी होतं, मग खाट रिकामी असली की कुणालाही घेत. मास्तरांनी चिठ्ठी दिली. इकडे घरी आबांच्या आईनं त्यांना गोठ्यात ठेवलं होतं आणि भाकर फावड्यावरून पुढे सरकवत होती. "तिचंबी काई चुकलं नाई," आबा म्हणाले. "तिचे दोन भाऊ यानंच गेलते." हे म्हणताना त्यांनी सासूकडे पाहिलं.

आबांचा समज होता की यहुदी म्हणजे कुणी गोरे साहेब असतील. तिथं पोचले तर दारात नऊवारी लुगडं नेसलेली, आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारी म्हातारी. ती ते घर सांभाळायची. सगळे तिला बाय म्हणत.

"पयल्या दिवशी दुपारी मले लाल काठाचं ताट देलं, मटनाचं," आबा सांगत होते. "सांजेचं दूध याच्या आंधीच मी सैपाकघरात डोकावलो. लाल काठाची ताटं एकीकडं, निळ्या काठाची दुसरीकडं ठेवेल. घासाच्या परातीबी दोन. पुसाचे फडकेबी दोन. मी म्हनलं, समजलं. चहाच्या हाटेलात नाई का, खालच्याइच्या कपबश्या बाहेर टांगून ठेवत. तसंच हे. एक चळत त्याइच्या मानसाइची, एक आमची. इतल्या दूर येऊनबी तेच. मंग मी जेवलोच नाई. दोन दिवस जेवलो नाई."

तिसऱ्या दिवशी बाय त्यांच्या खाटेशी आली. का जेवत नाहीस, विचारलं. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हे ऐकताना पोरीनं मान खाली घातली. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं बायला सांगितलं की यानं ताटं पाहिली. बायला आधी काही समजेना. समजलं तेव्हा ती कपाळावर हात मारून हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत गेली, लाल काठाचं ताट भरून आणलं आणि आबांसमोर जमिनीवर बसून त्यातलं स्वतः जेवू लागली. म्हणाली, "अरे बाळा, आमच्या धर्मात दुधाला मटणाचं भांडं चालत नाही. म्हणून दोन चळती. माणसाचा त्यात काय संबंध? मीही यातच जेवते, डॉक्टरही यातच जेवतात." मग तिनं आपला स्वैपाकघराचा कायदा त्यांना समजावला. दूध सकाळ-संध्याकाळ, मटण दुपारी, मध्ये काही तास जायला हवेत. दोन्हीची भांडी जन्मभर वेगळी. पण चळतीतलं कुठलं ताट कुणाच्या वाट्याला येईल, त्याला काही नियम नाही. उकळत्या पाण्यातून काढायची आणि कुणालाही द्यायची.

"त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या," आबा म्हणाले.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बाय काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वाती लावायची. मनुकांचं सरबत व्हायचं. मग ती भाकरीचा तुकडा मोडून, मिठाला लावून, आधी स्वतः खाऊन, प्रत्येक खाटेशी जाऊन हातानं द्यायची. आणि त्यांच्यात एक रीत होती, हातबोशी म्हणत. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मग आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. बाय दर शुक्रवारी बाराही रोग्यांशी हातबोशी करायची. ज्यांना घरचे काठीनं भाकर सरकवत होते, त्यांच्याशी. शनिवारी ती चूल पेटवायची नाही, कालचंच जेवायचं, आणि ओसरीत रोग्यांसारखीच स्वस्थ बसून राहायची.

अंगात ताकद आली की रोग्यांना हलकं काम देत. घरामागं भाजीचे वाफे होते. "मेथी तिथं शिकलो," आबा म्हणाले. सासूकडे वळून त्यांनी आपले हात पुढे केले. "तुह्या सासऱ्याले मेथी कोनं शिकवली, विचारलं का कधी? ह्या गावात कोनी भाजी लावत नोतं. केळीच्या सोपाची गाठ ह्याच हातानं आनली. क्षयाच्या हातानं. साठ वर्सं झाले, पुरं वाशीम खाऊन राह्यलं. कोनाले काई झालं?"

सासू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नवऱ्यानं पाणी तसंच वाहू दिलं होतं, वाफा फुटून वाट ओली झाली. पोरगी निळ्या ताटातली भाकर खात होती, सावकाश, आणि तिनं ती संपवली. मी पाकीट पुढे केलं. तिनं गोळ्या घेतल्या.

सासू म्हणाली, "आजच तिच्या भावाले म्या फोन करतो. नको येऊ म्हनतो." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जुड्याइचं का करू पन?"

"बाजारात मी येतो गाडीसंगं," आबा म्हणाले. आणि खरंच ते चार दिवस गाडीसोबत गेले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस टेम्पोत पुढे बसून वाशीमला जायचा आणि त्या पोत्याशेजारी मांडी घालून बसायचा. जुने आडते त्यांना ओळखत होते. बाजार फार दिवस कशाची आठवण ठेवत नाही. आठवडाभरात मेथी पुन्हा खपू लागली.

पण मी त्या रविवारच्याच परतीच्या वाटेवर आहे अजून. आबा दमून धुऱ्यावर, पळसाखाली बसले. मी त्यांना विचारलंच. जन्मभर विचारायचं राहिलं होतं. "आबा, बायनं तुमाले सांगतलं ना, ताट मानसासाठी वेगळं नसते म्हून. मंग घरी येऊन तुमी काहून वेगळं केलं? आमच्यापासून?"

त्यांनी काठी बाजूला आडवी ठेवली. मग म्हणाले, निघताना बायनं ही दोन ताटं दिली होती, घरी जाऊन दूध आणि मटण दोन्ही खा म्हणून. गावी आल्यावर वर्षभर ते सगळ्यांसोबत, सगळ्यांच्या ताटात जेवत होते. मग एक दिवस स्टेशन मास्तरांनी बोलावून घेतलं. ते बायकोमुलांना घेऊन इस्राएलला निघाले होते. त्यांचे बरेच लोक निघाले होते, घाटावरचं ते घरही बंद झालं होतं. जाता जाता मास्तरांनी सांगितलं, बाय गेली. छातीच्याच रोगानं. त्याच ओसरीत, रोग्याच्या खाटेवर.

"दर शुक्रवारी आमचे हात घेऊन तोंडाले लावे," आबा म्हणाले. "बारा जनाइचे. मीबी त्यातलाच एक. मंग तुहा जनम झाला. तू ताटात हात घालाले आली की मले बाय दिसे."

माझ्यातली सिस्टर बोलली. "आबा, हातानं होत नाई टीबी. ताटानंबी नाई. खोकल्यातून, हवेतून होते. ती इतले वर्सं बंद खोलीत, थंडी-पावसात रोग्याइच्या जवळ राह्यली, म्हून झाला असन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे आमच्यापासूनच ना?"

मी त्यांच्याशेजारी बसले. एवढंच म्हणाले की तुम्ही बरे होऊन आला होता आबा, तुमच्यापासून मला झाला नसता. ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. त्यांनी काठी उचलली आणि आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी आबांनी पेला पुन्हा वेगळा विसळला.

पोरीची खाट मात्र महिन्याभरात घरात आली. सहा महिने तिनं एकही गोळी चुकवली नाही. उन्हाळ्याच्या शेवटी थुंकी साफ निघाली, वजन वाढलं, गालांवर मांस आलं. सासूनं त्या आनंदात आम्हाला जेवायला बोलावलं. पुरण नाही, सणाचं काही नाही. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि निरसं दूध. आबा नेहमीप्रमाणे आपलं निळं ताट काखेत घेऊन गेले. सोबतचं लाल ताट त्यांनी पोरीला देऊन टाकलं होतं, पण निळं अजून त्यांचंच होतं.

पोरगी वाढत होती. आमचं होत आलं तेव्हा ती आबांच्या ताटाशेजारी येऊन बसली, लहान लेकरू बसतं तशी. म्हणाली, "आबाजी, तुमच्या ताटातला घास द्या."

आबांचा हात ताटावर थांबला. त्यांनी पोरीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची लेक म्हणून नाही, सिस्टर म्हणून. डॉक्टरला विचारतात तसं विचारलं, "देऊ का वं?"

"द्या आबा," मी म्हटलं. "काई होत नाई."

त्यांनी दुधात भिजलेली भाकर दोन बोटांनी मोडली आणि पोरीच्या हातावर ठेवली. तिनं खाल्ली. आबा तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग ताटात उरलेला तुकडा त्यांनी उचलला. मला वाटलं ते स्वतः खातील. पण त्यांनी हात माझ्यासमोर धरला.

मी एकसष्ट वर्षांची आहे. मला दोन नातवंडं आहेत. मी तोंड उघडलं आणि आबांनी घास माझ्या तोंडात घातला.